टेनिसची रॅकेट : नाव पाहावे की वजन?



वार्षिक परीक्षा संपत आल्या की टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या घरी एक विषय हमखास निघतो, तो नव्या रॅकेटचा. मूल चार-पाच वर्षे नेटाने खेळलेले असते, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या स्पर्धेत दोन-तीन फेऱ्या जिंकून आलेले असते, आणि आता त्याला 'परफॉर्मन्स' रॅकेट हवी असते. ती बहुधा कोणत्या तरी जगज्जेत्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी असते. किंमत ऐकून पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण या दर्जाच्या रॅकेटची किंमत बहुधा दहा हजारांच्या पुढे असते आणि वीस हजारांपर्यंतही सहज जाते. शिवाय स्पर्धा खेळणाऱ्याला एका रॅकेटवर भागत नाही. सामना चालू असताना तार तुटली तर हाताशी तशीच दुसरी हवी.

पैशांचा प्रश्न मोठा आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न मुलाच्या हाताचा आहे. वाढत्या वयात चुकीची रॅकेट आणि ताणून बसवलेल्या कडक तारा यांनी कोपर दुखू लागले की संपूर्ण हंगाम वाया जातो, आणि कधी कधी मूल खेळावरून मनानेही उतरते. म्हणून ही निवड कशी करावी, याची थोडी शास्त्रीय माहिती या लेखात देत आहोत. लेखाचे सार आधीच सांगून टाकतो : सामन्याच्या तिसऱ्या सेटमध्येही जी रॅकेट पहिल्या सेटइतक्याच वेगाने फिरवता येते, तीच आपली रॅकेट. तिच्यावर नाव कोणाचे आहे याला फारसे महत्त्व नाही.

लाकडापासून ग्राफाइटपर्यंत

टेनिस आपल्या बडोद्याला नवे नाही. मोतीबाग मैदानालगत गायकवाड घराण्याने बांधलेले सागवानी तळाचे बंदिस्त टेनिस कोर्ट ही तर दुर्मिळ वास्तू आहे. त्या काळी रॅकेटही लाकडीच असे. तिचे डोके, म्हणजे तारा विणलेला भाग, साधारण ६५ ते ७० चौरस इंचांचा आणि वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास किंवा अधिक. चेंडू बरोबर मध्यभागी लागला तरच फटका जमे. वापर नसताना रॅकेट वाकू नये म्हणून ती लाकडी चौकटीत स्क्रूने आवळून ठेवावी लागे. घरातील आजोबांना विचारलेत तर ते याविषयी नक्की सांगतील.

मराठी खेळाडूंच्या दोन पिढ्यांकडे पाहिले तर हा बदल चटकन लक्षात येतो. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ साली क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांची टेनिस रॅकेट लाकडाच्या युगातली. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्या साथीने पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा लाकूड इतिहासजमा होऊन सगळीकडे ग्राफाइट आले होते.

मधल्या काळात काय घडले? १९७६ साली हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याची 'प्रिन्स' ही ११० चौरस इंच डोक्याची धातूची रॅकेट बाजारात आली. आधी लोक तिला हसले. पण डोके रुंद असल्यामुळे चेंडू थोडा कडेला लागला तरी रॅकेट हातात गर्रकन वळत नसे. पुढे कार्बनचे धागे आणि राळ यांपासून बनवलेल्या ग्राफाइट चौकटी आल्या. त्या लाकडापेक्षा हलक्या आणि कितीतरी ताठ होत्या. विम्बल्डनमध्ये लाकडी रॅकेट शेवटची दिसली ती १९८७ साली. आज नियमानुसार रॅकेटची लांबी जास्तीत जास्त २९ इंच असू शकते, पण बहुतेक सर्व रॅकेट २७ इंच, म्हणजे ६८.६ सेंटीमीटर लांबीच्याच असतात.

लाकडी रॅकेटमध्ये निवडीला फारसा वाव नव्हता. ग्राफाइटमध्ये कारखानदार वजन हवे तिथे ठेवू शकतो आणि चौकट हवी तितकी ताठ करू शकतो. त्यामुळे दुकानात शेकडो प्रकार आले आणि निवड करणे अवघड झाले.

काट्यावरचे वजन आणि हातातले वजन

रॅकेट घेताना प्रथम वजन पाहावे. कंपनी जे वजन छापते ते बहुधा तार नसलेल्या रॅकेटचे असते. तारा बसवल्या की त्यात १५ ते १८ ग्रॅमची भर पडते आणि वरून ओव्हरग्रिप गुंडाळली की आणखी पाच-सहा ग्रॅमची. म्हणजे ३०० ग्रॅमची म्हणून घेतलेली रॅकेट खेळताना ३२० ग्रॅमच्या पुढे गेलेली असते.

दुसरी गोष्ट समतोलाची. रॅकेट पट्टीच्या कडेवर आडवी ठेवून ती कोठे तोलते ते पाहावे. मुठीच्या टोकापासून ३४.३ सेंटीमीटरवर तोलली तर ती समतोल. त्याआधी, म्हणजे ३१-३२ सेंटीमीटरवर तोलली तर तिचा भार मुठीकडे आहे, आणि पुढे तोलली तर डोक्याकडे. कसलेल्या खेळाडूंच्या बहुतेक रॅकेट मुठीकडे जड असतात. त्या वजनदार असूनही चटकन फिरतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्विंगवेट, अर्थात फिरवताना जाणवणारे वजन. हे समजायला दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराची आठवण काढावी. प्रो. माणिकरावांच्या या आखाड्याने बडोद्याच्या कित्येक पिढ्यांना मुद्गल, लाठी, लेझीम शिकवले. ज्याने मुद्गल फिरवले आहे त्याला ठाऊक असते की, तेच मुद्गल उलटे करून जाड बाजूने धरले तर अगदी हलके वाटते, आणि मुठीला धरून फिरवले की खांद्याची परीक्षा पाहते. काट्यावर वजन दोन्ही वेळा तेवढेच भरते. फरक पडतो तो वजन हातापासून किती दूर आहे याने. शिवाय हा परिणाम अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट झाले की फिरवायला लागणारा जोर चौपट.

रॅकेटचे स्विंगवेट मुठीच्या टोकापासून १० सेंटीमीटरवरील अक्षाभोवती मोजतात, कारण साधारण तिथे आपला पंजा असतो. तारा बसवलेल्या प्रौढांच्या रॅकेटमध्ये हा आकडा सुमारे २८० ते ३४० च्या दरम्यान येतो. आकडा मोठा असेल तर जोराने आलेल्या सर्व्हिसपुढे रॅकेट डळमळत नाही आणि फटक्याला भार मिळतो, पण फिरवायला दंड आणि मनगट तयार हवे. आकडा लहान असेल तर रॅकेट भराभर फिरते, पण समोरच्याचा जोरकस फटका आला की हातात थरथरते. काट्यावर ३०० ग्रॅम भरणाऱ्या दोन रॅकेट खेळताना अगदी वेगळ्या वाटतात, त्याचे कारण हेच.

प्रयोगशाळेत मोजून पाहा

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना स्विंगवेट शाळेतही मोजता येईल. साहित्य साधे आहे : सायकलच्या चाकाची एक तार (स्पोक), मीटरपट्टी, सेकंद मोजणारे घड्याळ आणि ग्रॅम दाखवणारा काटा.

प्रथम रॅकेट तोला. समजा ती ३३० ग्रॅम, म्हणजे ०.३३ किलो भरली. नंतर समतोल बिंदू काढा. समजा तो मुठीच्या टोकापासून ३२.५ सेंटीमीटरवर आला. आता स्पोक रॅकेटच्या डोक्याच्या अगदी टोकाशी, चौकटीच्या आतल्या कडेला लागून, तारांच्या जाळीतून आरपार घाला आणि तिची दोन टोके दोन बाकांवर टेकवा. रॅकेट मूठ खाली करून लोंबेल आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवीकडे झुलेल. हा स्पोक मुठीच्या टोकापासून ६७ सेंटीमीटरवर असेल तर समतोल बिंदूपासून त्याचे अंतर ३४.५ सेंटीमीटर झाले.

रॅकेटला अगदी लहान झोका द्या आणि जाऊन-येऊन असे २० झोके मोजा. समजा २८.२ सेकंद लागले, म्हणजे एका झोक्याला १.४१ सेकंद. आता वजन गुणिले ९८१, गुणिले ३४.५, गुणिले १.४१ चा वर्ग, आणि येईल त्याला ३९.५ ने भागा. उत्तर येते सुमारे ५६२. त्यातून वजन गुणिले ३४.५ चा वर्ग, म्हणजे ३९३, वजा करा. राहिले १६९. समतोल बिंदू १० सेंटीमीटरच्या अक्षापासून २२.५ सेंटीमीटर दूर आहे, म्हणून वजन गुणिले २२.५ चा वर्ग, म्हणजे १६७, मिळवा. झाले ३३६. कंपनी जे मोजते ते चेंडू मारण्याच्या दिशेने, आणि आपण रॅकेट कडेच्या दिशेने झुलवली. त्यामुळे आपला आकडा साधारण १३ ते १५ ने जास्त येतो. तेवढा वजा केला की ३२२ च्या आसपास स्विंगवेट मिळते.

या प्रयोगात थोडीफार चूक राहणारच. पण दोन रॅकेटची तुलना करायला तो पुरेसा आहे, आणि समांतर अक्षांचा सिद्धांत पुस्तकाबाहेर कशासाठी लागतो हेही यातून कळते.

डोके, जाळी आणि ताठरपणा

कसलेल्या खेळाडूंच्या रॅकेटचे डोके आज साधारण ९५ ते १०० चौरस इंचांचे असते. लहान डोके अचूक मारणाऱ्याला आवडते. मोठे डोके चुका थोड्या पोटात घालते आणि टॉपस्पिनला मदत करते. इथे दोन मोठी उदाहरणे आठवतात. पीट सँप्रास याने ८५ चौरस इंचांची, शिशाच्या पट्ट्या लावून आणखी जड केलेली रॅकेट वापरून १४ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. रॉजर फेडररने ९० चौरस इंचांच्या रॅकेटने अनेक वर्षे टेनिसविश्वावर राज्य केले, पण वयाची बत्तिशी उलटल्यावर, २०१४ मध्ये, तो ९७ चौरस इंचांकडे वळला आणि २०१७ साली त्याच आकाराच्या रॅकेटने ऑस्ट्रेलियन ओपन व विम्बल्डन दोन्ही जिंकला. एवढा मोठा खेळाडू शरीर आणि काळ बदलला तेव्हा सवयीची रॅकेट बाजूला ठेवू शकला, ही गोष्ट मुलांनी लक्षात ठेवावी.

जाळीचे मुख्य दोन प्रकार आहेत. १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची जाळी विरळ असते. तीत तारा सरकतात, चेंडूला फिरकी जास्त मिळते, पण तारा लवकर तुटतात. १८ उभ्या आणि २० आडव्या तारांची जाळी दाट असते. तीवर सपाट फटका मारणाऱ्याला चेंडू हवा तिथे टाकणे सोपे जाते.

चौकटीचा ताठरपणाही मोजतात. तो आकडा साधारण साठच्या खाली असला की चौकट लवचीक, सत्तरच्या जवळ गेला की फार ताठ. ताठ चौकट चेंडू लागताना कमी वाकते, त्यामुळे जोर कमी वाया जातो आणि चेंडू वेगाने परततो. पण धक्काही हाताला जास्त जाणवतो. ज्याच्या फटक्यात स्वतःचाच जोर आहे त्याने रॅकेटकडून आणखी जोर मागण्यापेक्षा ताबा मागावा. त्यासाठी मध्यम ताठरपणाची, बारीक कडेची रॅकेट बरी.

गटिंगकडे दुर्लक्ष नको

रॅकेटवर पंधरा हजार खर्च करणारी मंडळी गटिंगच्या वेळी "कोणतीही तार घाला" म्हणतात, तेव्हा आश्चर्य वाटते. चेंडूला स्पर्श करते ती तार. चौकट चेंडूला लागतच नाही, आणि लागली तर फटका फुकट गेला असे समजावे.

नियमानुसार टेनिसचा चेंडू २५४ सेंटीमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे. म्हणजे चेंडू दबतो तेव्हा जवळजवळ निम्मी ऊर्जा गमावतो. तारा मात्र ताणल्या गेल्यावर बहुतेक सगळी ऊर्जा परत देतात. म्हणून गटिंग थोडे सैल असेल तर तारा जास्त दबतात, चेंडू कमी दबतो आणि फटका लांब जातो. गटिंग घट्ट असेल तर चेंडू जास्त दबतो, लांबी कमी होते आणि ताबा वाढतो. "घट्ट गटिंग म्हणजे जोरदार फटका" हा समज त्यामुळे उलटा आहे.

तारांचे मुख्य प्रकार तीन : जनावरांच्या आतड्यापासून केलेली नैसर्गिक गट, अनेक बारीक धाग्यांची नायलॉन तार आणि पॉलिएस्टर. नैसर्गिक गट हाताला सर्वांत सुखकर, पण महाग आणि आपल्या पावसाळ्यात ओल लागून लवकर खराब होणारी. पॉलिएस्टरचा बोलबाला १९९७ पासून झाला. त्या वर्षी ब्राझीलचा गुस्तावो कुएर्टन या तारा वापरून, मानांकन नसताना फ्रेंच ओपन जिंकला. पूर्ण ताकदीने रॅकेट फिरवणाऱ्याला पॉलिएस्टर चांगली फिरकी देते. पण ती ताठ असते, आणि न तुटताही तिचा ताण लवकर उतरतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना सहसा नायलॉनच द्यावी. मोठ्यांनी पॉलिएस्टर घेतली तर ती नायलॉनपेक्षा दहा टक्के कमी ताणाने बसवावी, किंवा उभ्या तारा पॉलिएस्टरच्या आणि आडव्या नायलॉनच्या असा मेळ घालावा.

आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून निदान तितक्या वेळा गटिंग बदलावे, असा एक जुना संकेत आहे. पॉलिएस्टरसाठी तोही कमीच पडतो. आणखी एक सूचना खास बडोदेकरांसाठी : मे महिन्याच्या उन्हात रॅकेट मोटारीच्या डिकीत किंवा स्कूटरवर तापत ठेवू नये. उष्णतेने तारांचा ताण झपाट्याने उतरतो.

कोपराची काळजी

'टेनिस एल्बो' हे नाव घराघरांत पोहोचले ते सचिन तेंडुलकरमुळे. २००४ साली त्याला या दुखण्याने गाठले आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. क्रिकेटपटूला टेनिस एल्बो कसा, असे अनेकांनी तेव्हा विचारले. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला ज्या कंडरेने जोडलेले असतात, तिच्यावर पुन्हा पुन्हा ताण आला की हे दुखणे होते. खेळ कोणता हे तिला ठाऊक नसते. घरात पिळे पिळणाऱ्या आणि हातोडा चालवणाऱ्या माणसांनाही ते होते.

टेनिसमध्ये त्याची कारणे बहुधा ठरलेली असतात : उशिरा लागणारा बॅकहँड, हाताला जड पडणारी रॅकेट, फार ताठ चौकट, घट्ट किंवा मेलेली पॉलिएस्टर तार आणि चुकीच्या मापाची मूठ. फार हलकी रॅकेटही दोषी ठरू शकते, कारण ती चेंडूचा धक्का स्वतः न पचवता हाताकडे पाठवते. म्हणून "लहान आहे, हलकीच घ्या" हा सल्लाही आंधळेपणाने पाळू नये.

मुठीचे माप पाहण्याची सोपी रीत अशी : रॅकेट नेहमीप्रमाणे धरावी आणि बोटांची टोके व तळहात यांच्यामधल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी ठेवून पाहावी. बोट नेमके मावले तर माप बरोबर. दोन मापांच्या मध्ये हात येत असेल तर लहान माप घ्यावे. ओव्हरग्रिप गुंडाळून मूठ जाड करता येते, बारीक करणे मात्र कठीण.

कोपर दोन-तीन आठवडे दुखत राहिले तर रॅकेटवाल्याकडे न जाता आधी डॉक्टरांकडे जावे.

निवड कशी करावी?

१. आधी प्रशिक्षकांना विचारा. मूल कोणत्या फटक्यावर गुण मिळवते आणि कुठे कमी पडते, हे त्यांना जाहिरातीपेक्षा नक्कीच चांगले ठाऊक असते.

२. आताची रॅकेट मोजा : वजन, समतोल, जमल्यास स्विंगवेट. ते वहीत लिहून ठेवा. नवी रॅकेट यापेक्षा नेमकी कशात वेगळी हवी हे ठरले तरच शोधाला अर्थ येतो.

३. चौदा ते सोळा वर्षांच्या, नियमित स्पर्धा खेळणाऱ्या मुलामुलींना तारेविना साधारण २८० ते ३०० ग्रॅमची रॅकेट पुरते. सतरा-अठराच्या पुढे, अंगात बळ भरल्यावर ३०० ते ३१५ चा विचार करावा. बारा वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती दादाची जुनी रॅकेट देऊ नये. त्यांच्यासाठी २५-२६ इंची रॅकेट मिळतात.

४. दोन-तीन रॅकेट मागून आणून खेळून पाहा. सगळ्यांत तार आणि ताण शक्यतो एकसारखा असावा, नाहीतर आपण रॅकेटची नव्हे, तारांची तुलना करतो. कंपनीच्या आणि खेळाडूच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवा आणि दुसऱ्या कोणाला तरी गुण लिहायला बसवा. नाव दिसेनासे झाले की मत बदलते, असे पुष्कळदा दिसते.

५. खरी परीक्षा दमल्यावर घ्या. दीड तास खेळून झाल्यावर वीस सर्व्हिस आणि जोराने आलेल्या सर्व्हिसवर वीस परतीचे फटके मारा. बॅकहँड उशिरा लागू लागला, सर्व्हिस जाळीत जाऊ लागली तर रॅकेट जड. नुसती आडवी धरून चेंडू अडवताना ती हातात वळू लागली तर हलकी. असे निदान तीन वेगवेगळ्या दिवशी करा.

६. शंका असेल तर किंचित हलकी घ्या. हलकी रॅकेट जड करता येते. शिशाची किंवा टंगस्टनची एक ग्रॅमची पट्टी डोक्याच्या टोकाला लावली की स्विंगवेट साधारण साडेतीनने वाढते, बाजूला लावली तर जेमतेम दोनने, आणि मुठीत लावली तर जवळजवळ काहीच नाही. शिसे विषारी असल्यामुळे पट्टी लावल्यावर हात धुवावेत आणि वरून चिकटपट्टी लावावी. जड रॅकेट हलकी करणे मात्र घरी शक्य नाही.

७. दोन रॅकेट घेताना काटा बरोबर न्या. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटच्या वजनात पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो. मांडवीत सोने घेताना आपण काट्याकडे टक लावून बघतो, मग इथे का नको? छापील वजनापेक्षा फारच वेगळे भरले किंवा किंमत संशयास्पद कमी असली तर माल नकली असण्याचा संभव असतो.

नावामागचे वास्तव

बऱ्याच व्यावसायिक खेळाडूंच्या हातातली रॅकेट दुकानातल्या त्याच नावाच्या रॅकेटसारखी नसते. ते वर्षानुवर्षे सवयीच्या जुन्या साच्याचीच रॅकेट वापरतात. कंपनीने नवे मॉडेल काढले की त्या जुन्या चौकटीवर नवा रंग चढतो. तिच्यात शिसे भरून वजन आणि समतोल त्या एका हातासाठी जुळवलेले असतात. पुण्यात बालेवाडीला २०१८ पासून २०२३ पर्यंत भरलेली महाराष्ट्र ओपन ज्यांनी पाहिली, त्यांनी खेळाडूंच्या पिशवीतून निघणाऱ्या एकसारख्या सहा-सात रॅकेट पाहिल्या असतील. चेंडू बदलले की अनेक जण ताज्या गटिंगची रॅकेट काढतात. नाव विकत घेता येते, ही जुळणी मात्र आपापली करावी लागते.

आणि जुळणीच्याही आधी येते ती तालीम. अहमदाबादेत जन्मलेली अंकिता रैना शालेय वयातच पुण्याला गेली आणि पीवायसी हिंदू जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचे कांस्यपदक मिळवले. आपल्या गुजरातच्या या मुलीच्या घरच्यांनी गाव बदलले ते प्रशिक्षणासाठी. खर्चाचा क्रम लावायचा झाला तर आधी प्रशिक्षण, मग बूट, मग गटिंग आणि त्यानंतर रॅकेट, असा लावावा.

विश्वस्त मंडळास विनंती

क्रीडासाहित्याची खरेदी करताना एकदम भारी रॅकेटचा संच घेण्यापेक्षा, निरनिराळ्या वजनांच्या तीन-चार चांगल्या रॅकेट केवळ चाचणीसाठी शाळेत ठेवाव्यात. बरोबर एक डिजिटल काटा आणि एक नोंदवही असावी. प्रत्येक खेळाडूच्या रॅकेटचे वजन, समतोल, तार, गटिंगची तारीख आणि हात दुखल्याची तक्रार त्या वहीत लिहिली जावी. खर्च एकदाच होईल, आणि दरवर्षी कित्येक पालकांचे हजारो रुपये अंदाजाने खर्च होण्याचे टळेल. शिवाय ज्या मुलाला नवी रॅकेट परवडत नाही, त्याला जुन्या रॅकेटवर योग्य गटिंग आणि दोन ग्रॅमची पट्टी लावून ती हाताशी जुळवून देता येईल. अशी जुळवलेली जुनी रॅकेट, न जुळणाऱ्या नव्या रॅकेटपेक्षा केव्हाही चांगली.

मित्रहो, या सुट्टीत नवी रॅकेट मागण्यापूर्वी आपली आताची रॅकेट काट्यावर ठेवा, समतोल काढा आणि आकडे लिहून क्रीडाशिक्षकांना दाखवा. कदाचित तुम्हांला नव्या रॅकेटची गरजच नसेल, नुसते गटिंग बदलूनही भागेल. आणि गरज असेल, तर काय मागायचे ते तुम्हांला नेमके सांगता येईल.